एक घोट कमी

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर वाद नको. मी आयुष्यभर हायस्कूलला विज्ञान शिकवलं. चाकूला रसायन लावून लिंबातून 'रक्त' काढायचा प्रयोग दरवर्षी वर्गात करून दाखवायचे, आणि मुलं घाबरली की त्यामागची गंमत सांगून त्यांना हसवायचे. गावाकडं कुणाच्या अंगात आलं की बाकीच्या बाया हात जोडायच्या, मी नाडी बघायचे. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगू... निम्म्यांवर मनातल्या मनात लाल काट मारते. राग मानू नका, मास्तरीणबाईची खोड आहे ती. आज स्वतःचाच पेपर तुमच्यापुढे ठेवते आहे. काय मार्क द्यायचे ते द्या.

लातूर तेव्हा उस्मानाबादपासून वेगळं होऊन नवं नवं जिल्ह्याचं गाव झालं होतं. जिकडं बघावं तिकडं नव्या कोऱ्या पाट्या आणि पाटीमागं भाड्याच्या खोल्या. आमचे हे नांदेडहून बदली होऊन तिथल्या कचेरीत आले, मला एका शाळेत नोकरी लागली, आणि औसा रोडच्या बाजूला एका अर्धवट बांधलेल्या कॉलनीत आम्ही भाड्याने घर घेतलं. कॉलनीत सगळेच परगावचे. कुणाची कुणाशी ओळख नाही, झाड तर औषधालाही नाही. त्यात दुष्काळ. नळ नावापुरता, बोअर कोरडी, टँकरचा हॉर्न ऐकू आला की हातातलं काम टाकून बादल्या घेऊन पळायचं. आंघोळीचं पाणी फरशीला आणि फरशीचं संडासला, अशी सगळ्या घरांची रीत झाली होती.

अशा दिवसांत यांनी फ्रिज आणला. प्यायला पाणी नाही आणि गार करायला कपाट, असं मी म्हणाले सुद्धा. पण यांच्या कचेरीतल्या दोघांकडं आला होता, मग आमच्याकडं नको होय?

फ्रिज फिक्या निळ्या रंगाचा, एका दाराचा, हँडलखाली कुलूप असलेला. सुरुवातीचे दिवस आम्ही त्याच्याच कलाने वागत होतो. ओला हात लागला की झिणझिण्या बसायच्या, म्हणून खाली पोतं टाकलं आणि चपला घालूनच दार उघडायचं अशी शिस्त लावली. मधूनच त्याला हुडहुडी भरायची, आणि वर ठेवलेली स्टीलची डबी टणटण वाजायची. बर्फाचा ट्रे असा चिकटायचा की उलथणं घालून उचकटावा लागायचा. शेजारणी कुणी दूध, कुणी मळलेली कणीक ठेवायला आणून द्यायच्या. ओळखी झाल्या त्या फ्रिजमुळंच म्हणा ना. माझ्या सासूबाईंना — आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात — एकच शंका होती, की दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो की नाही. त्या दार हळूच किलकिलं करून आत बघायच्या, जणू कुणाला तरी पकडायचंय.

एक मात्र माझ्या लक्षात आलं होतं. आत ठेवलेलं सगळं फार लवकर वाळायचं. कोथिंबिरीचा कागद व्हायचा, लिंबं गोट्यांसारखी टणक व्हायची, कणकेला भेगा पडायच्या. बर्फाचे तुकडेही बारीक होत जायचे. मी आत्याबाईंना समजावलं की थंड हवा कोरडी असते, ती ओल ओढून घेते, बर्फाची सरळ वाफ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तहानलेलं हाय म्हण की." मी हसले. उत्तर तसं बरोबरच होतं.

आता आत्याबाईंबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझे सासरे एसटीत ड्रायव्हर होते, मुखेडला. मी त्यांना पाहिलं नाही. आमच्या लग्नाच्या आधीच ते गेले. त्यांच्या पोटात पाणी झालं होतं. भर उन्हाळ्यात नांदेडच्या दवाखान्यात होते, आणि डॉक्टरांनी पाणी अगदी चमच्याने मोजून द्यायला सांगितलं होतं. उन्हातान्हात गाडी चालवलेला, तांब्या तोंडाला लावून रिकामा करणारा माणूस... शेवटी शेवटी हातापाया पडून पाणी मागायचा. आत्याबाई तोंड फिरवून बसायच्या. डॉक्टरांचं बरोबरच होतं, आणि आत्याबाईंचंही. पण माणूस पाणी मागत मागत गेला, आणि तांब्या उशाशी भरलेला होता. हे त्या कधी बोलायच्या नाहीत. मला यांनी सांगितलं होतं.

म्हणून आखितीचा सण आत्याबाईंना दिवाळीपेक्षा मोठा. तुमच्याकडं अक्षय्य तृतीया म्हणत असतील. त्या दिवशी मातीचं नवं भांडं, त्याला करा म्हणतात, पाण्यानं भरून पितरांच्या नावानं पुजायचं आणि घराबाहेरच्या कुणाला तरी प्यायला द्यायचं. मग घरातल्यांनी जेवायचं. ते पाणी दुसऱ्याच्या तोंडी लागल्याशिवाय वरच्यांना पोचत नाही, असं आत्याबाई सांगायच्या. मुखेडला हे सोपं होतं. सकाळपासून चार जण दारात यायचे.

लातूरला कोण येणार? शाळांना सुट्ट्या लागत होत्या, आजूबाजूची घरं कुलूप लावून गावी गेलेली. आत्याबाईंनी करा पुजला आणि दुपारपर्यंत दारात बसून राहिल्या. चिटपाखरू फिरकलं नाही. मग त्यांच्या डोक्यात आलं की पाणी तरी गार होऊ द्यावं. "हयातीत त्यांना गार पाणी लई आवडायचं," म्हणाल्या आणि करा फ्रिजमध्ये ठेवून दार लावलं. यांना ते फार आवडलं. बाबांना यंदा फ्रिजचं पाणी, असं म्हणत आम्ही पुरणपोळीचं जेवण केलं. संध्याकाळी यांचे कचेरीतले लोक फ्रिज बघायला आले, गप्पा झाल्या, आणि करा बाहेर द्यायचा राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी करा रिकामा होता.

मातीचं कोरं भांडं, झिरपलं असेल. पण खालचा भाजीचा ट्रे कोरडा ठणठणीत होता, आणि करा आतून इतका कोरडा की बोटाला माती लागत होती. मी पुन्हा थंड हवेचं पुराण लावलं. आत्याबाईंचं लक्षच नव्हतं. त्या रिकामा करा दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी त्या घरात गेल्यापासून कधी पाहिला नव्हता. तेव्हा मला बरं वाटलं. नंतर त्याच आनंदाची भीती वाटायला लागली.

कारण मग बाटल्या रिकाम्या व्हायला लागल्या. सरबताच्या जुन्या काचेच्या बाटल्या होत्या आमच्याकडं, घट्ट बुचाच्या. सकाळी भरलेली बाटली दुपारी अर्धी, संध्याकाळी तळाला. बूच होतं तसंच. मी आधी यांच्यावर आळ घेतला, मग आत्याबाईंवर. टँकरच्या पाण्यावरून त्या दिवसांत चांगल्या चांगल्या घरांत तोंडं झाली, आमच्यातही झाली. फ्रिजवाल्याचा मेकॅनिक येऊन गेला, मागची जाळी पुसून म्हणाला, काही बिघाड नाही.

मग म्हटलं, बाई, तू विज्ञानाची ना? कर प्रयोग.

दोन सारख्या बाटल्या घेतल्या. दोन्ही गळ्यापर्यंत भरल्या आणि पाण्याच्या पातळीला बाहेरून दोरा बांधला. एकीत मूठभर मीठ विरघळवलं, दुसरीत साधं पाणी. दिसायला दोन्ही सारख्या, आणि मीठ कशात हे मी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, थंड हवा पीत असेल तर दोन्हीतलं पिईल. माणूस पीत असेल तर कळेलच. फ्रिजला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि पेपर तपासायला शाळेत गेले.

दुपारी घरी आले तेव्हा आत्याबाई पुढच्या खोलीत चटईवर पडल्या होत्या. कुलूप जसंच्या तसं. उघडलं. साध्या पाण्याची बाटली कोरडी, कधी ओली झालीच नसावी अशी. मिठाची बाटली भरलेली होती. दोऱ्यापासून फक्त एक घोट कमी.

मी कितीतरी वेळ ते दार उघडं धरून उभी होते. गार हवा पायांवर येत होती. बाहेर रणरणतं ऊन, रस्त्यावर कुणी तरी सायकलवरून गाणं म्हणत गेलं. हवेला खारट लागत नाही हो. चव घेऊन कुणीतरी बाटली बाजूला ठेवली होती.

हे मी आजवर शाळेत कुणाला सांगितलं नाही. यांना सांगितलं, तर म्हणाले, तुझं बूच सैल असेल.

खरा घोर पुढं होता. माझं लक्ष बाटल्यांवर, आणि इकडं आत्याबाई वाळत चालल्या होत्या. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले, हातावरची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. मी विचारलं तर म्हणायच्या, उन्हाळा हाय. एक दिवस जेवताना पाहिलं, भाकरी कोरडी गिळत होत्या, पाण्याचा तांब्या शेजारी तसाच. जेवण झाल्यावर उठल्या आणि तो तांब्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवला. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या आपल्या वाटणीचं सगळं पाणी आत ठेवत होत्या. किती दिवस, कोण जाणे.

मी त्यांचा हात धरला. रागावले होते, आणि घाबरलेही होते. म्हटलं, आत्याबाई, हे काय चाललंय?

"ते पिऊन राहिलेत," त्या शांतपणे म्हणाल्या. "पिऊ दे."

"आणि तुम्ही?"

"मला तहान न्हाई लागत आता." मग माझ्याकडं बघून हसल्या. ओठातून रक्त आलं. "तवा डॉक्टर नको म्हणला म्हणून मी दिलं न्हाई, सुमन. आता कोण नको म्हणणार हाय?"

मी तांब्या काढून त्यांच्या तोंडाला लावला, तर त्यांनी दात घट्ट मिटले. लहान पोरासारखी मान फिरवली.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे आईवर प्रथमच ओरडले असतील. फ्रिजचं बटण बंद केलं, प्लग काढला, दार सताड उघडं ठेवून त्यातलं सगळं बाहेर काढलं. आत्याबाईंनी परत आत ठेवलेला रिकामा करा तेवढा राहिला. त्याला हात लावायचं यांना धाडस झालं नाही, की लक्षात आलं नाही, ते मी विचारलं नाही. आत्याबाई कोपऱ्यातल्या माठाकडं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माठ भरला होता, टँकर नुकताच येऊन गेला होता. मी त्याच खोलीत तांदूळ निवडत बसले होते, पाठ माठाकडं. कसला आवाज नाही, काही नाही. उठून पाणी घ्यायला गेले तर ओगराळं तळाला खडखडलं. बाजूला आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मान कलंडलेली, डोळे अर्धवट उघडे. हाक मारली, ओ नाही.

दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. अंगात पाण्याचा थेंब नाही, म्हणाले, इतके दिवस काय करत होता तुम्ही? लगेच सलाईन लावलं. एक बाटली संपली, दुसरी लावली. तिसरी लावताना नर्सनं सुई पुन्हा पुन्हा तपासली, हात दाबून पाहिला, गादीखाली बघितलं. बाटल्या भराभर संपत होत्या आणि आत्याबाईंची जीभ लाकडासारखी कोरडीच होती. सूज नाही, लघवी नाही. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. यांना बाजूला घेऊन म्हणाले, वय आहे, तयारी ठेवा. आत्याबाई ग्लानीत एकच शब्द पुटपुटत होत्या, "देते... देते..."

हे व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून रडत होते. आई जाणार, आणि तीही तहानेनं, वडील गेले तशीच... हे त्यांना सोसवत नव्हतं. मला तर रडूही येत नव्हतं. ती बाई जगायला हवी होती मला, बस. तिथं उभ्या उभ्या मला आखितीचा दिवस आठवला. करा बाहेर गेलाच नव्हता. कुणाच्या तोंडी लागला नव्हता. आम्ही तो आत ठेवला आणि वर कुलूप लावलं.

माझा यावर विश्वास होता का? नव्हता. तरी मी रिक्षा करून घरी गेले, उघड्या फ्रिजमधून करा उचलला आणि तशीच परत आले. घरात प्यायचं पाणी नव्हतंच, माठ आटलेला. दवाखान्याच्या आवारातल्या नळावर करा भरला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी, दुपारच्या उन्हात तापलेलं, बोटं पोळली माझी. कडुलिंबाखाली एक म्हातारा बसला होता, पटका बांधलेला. औशाकडच्या कुठल्या खेड्यातला. त्याची बायको आमच्याच वॉर्डात होती. मी त्याच्यापुढं करा धरला आणि म्हटलं, बाबा, पोटभर प्या, तुम्हाला कुणी नको म्हणणार नाही. हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं, मला माहीत नाही.

त्यानं करा वर धरला आणि पाणी घशात ओतायला लागला. थांबेचना. गळ्याचा मणी वर-खाली होत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटी करा उपडा करून झटकला आणि श्वास सोडला.

"लई गार हाय, माय," म्हणाला. "जीव निवला."

मी त्याच्या हातातला करा घेतला. बाहेरून अजून कोमट होता.

वॉर्डात आले तर नर्स म्हणाली, आत्ताच थोड्या हुशारीत आल्या. आत्याबाईंचे डोळे उघडे होते. हे डॉक्टरांना बोलवायला गेलेले. मी स्टुलावर बसले. करा मी बाहेरच ठेवला होता, आणि कुणाला एक शब्द सांगितला नव्हता.

"कुणाला पाजलंस?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, बाहेर एक जण बसले होते, त्यांना.

"पोटभर प्याले?"

"करा उपडा केला त्यांनी."

"काय म्हणले?"

"लई गार हाय म्हणाले. जीव निवला म्हणाले."

आत्याबाईंनी डोळे मिटले. कोरड्या डोळ्यांतून बारीक पाणी आलं आणि कानाकडं ओघळलं.

"मग आता येणार न्हाईत ते," म्हणाल्या. आणि मग, "दे. मला पाणी दे."

त्या प्याल्या. पेला भरून प्याल्या, आणखी मागितलं. डॉक्टरांनी सांगितलं की सलाईन शेवटी अंगी लागलं, कधी कधी उशिरा लागतं. असेलही. मी वाद घातला नाही.

आता माझा पेपर मीच तपासते. लिंबं आणि कोथिंबीर, बरोबर, थंड कोरडी हवा. करा झिरपला असेल. आत्याबाई पाणी पीत नव्हत्या म्हणून वाळल्या, त्यात गूढ काही नाही. बाटल्यांची बुचं सैल होती म्हणा, माठाला चीर होती म्हणा... मी नंतर माठ उन्हात धरून बघितला, चीर दिसली नाही, पण म्हणा. मातीच्या भांड्यात पाणी गार होतं हेही मीच शिकवलंय. पण त्याला वेळ लागतो. खात्री करायला दुसऱ्या दिवशी मी त्याच नळाचं पाणी त्याच कऱ्यात भरून, चांगलं तासभर सावलीत ठेवून, त्याच म्हाताऱ्याला नेऊन दिलं. साधा माणूस, बायकोला भाकरी भरवत होता. एक घोट घेऊन म्हणाला, "आज कोमट हाय ताई. कालचं कुठलं व्हतं?" आणि मिठाच्या बाटलीतला तो एक घोट... त्याचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही. कुणाला सुटलं तर जरूर सांगा, मी ऐकून घेईन.

त्यानंतर आमच्या फ्रिजमधलं पाणी कधी आटलं नाही. कोथिंबीरसुद्धा बरी टिकायची. दर आखितीला करा सकाळीच घराबाहेर जायचा, आत्याबाई स्वतः नेऊन द्यायच्या. पुढं बरीच वर्षं त्या आमच्याजवळ राहिल्या, ठणठणीत. पण रोज दुपारी सगळं आवरलं की त्या स्वयंपाकघरात जायच्या, फ्रिजचं दार उघडायच्या, आणि एकेक बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरून बघायच्या. सगळ्या भरलेल्या असायच्या. मग त्या होत्या तशा परत ठेवायच्या, दार लावायच्या आणि तिथंच फरशीवर बसून राहायच्या.